एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी: कम्युनिटी कॉलेजातली माझी दोन वर्षं

मे २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कम्युनिटी कॉलेजातून माझी एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची डिग्री पूर्ण झाली. इथे तिला ‘असोसिएट इन अप्लाइड सायन्स’ म्हणतात. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणींचे फोन येतात. बहुतेकींचं माझ्यासारखंच आहे: भारतात बी.एस्सी. किंवा बी.ई., लग्न होऊन अमेरिका, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरीविना गेलेली वर्षं, मुलं, मग ग्रीन कार्ड, आणि आता काम करायची मुभा मिळाली तर नेमकं करायचं काय, हा प्रश्न. प्रत्येकीला फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदा क्रमाने लिहून काढते.

मी मूळची इचलकरंजीची. केमिस्ट्री घेऊन २००६ साली बी.एस्सी. झाले. २०१२ साली गावात काविळीची मोठी साथ आली तेव्हा मी इकडे होते. बाबा रोज फोनवर सांगायचे, आज कोणाच्या घरी कोण आजारी पडलं, कुठे टँकर आला. आई पाणी उकळून गाळून ठेवायची. तेव्हापासून एक प्रश्न मनात बसला तो गेलाच नाही: नळातून आलेलं पाणी पिण्याजोगं आहे हे कोण ठरवतं, कशाच्या आधारावर, आणि ते ठरवणारा माणूस सकाळी उठून नेमकं काय काम करतो? २०२१ मध्ये ग्रीन कार्ड हातात आलं आणि मी याच कामाचं शिक्षण शोधायला लागले.

आधी एम.एस.चा विचार केला होता. जवळच्या विद्यापीठात चौकशी केली, तर केमिस्ट्रीच्या पदवीवर आधी गणित, फ्लुइड मेकॅनिक्स वगैरे बरेच इंजिनिअरिंगचे विषय पुरे करावे लागणार होते. इथे एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या, कारण तिच्यावर सगळा निर्णय अवलंबून आहे. प्रकल्पाची रचना करायची, आराखड्यावर सही करायची, म्हणजे पी.ई. (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स घ्यायचं असेल, तर सहसा चार वर्षांची इंजिनिअरिंगची डिग्री लागते. ही दोन वर्षांची डिग्री तिथे थेट पोचवत नाही. नमुने घेणं, तपासणं, प्लांट चालवणं, पाहणी करून अहवाल लिहिणं ही कामं टेक्नॉलॉजीवाल्यांची. मला तीच करायची होती. मंडळाच्या गणपतीत एकाने विचारलं, “वहिनी, म्हणजे आपल्याकडचं आयटीआयच ना?” मी सांगितलं, पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाच्या जास्त जवळचं आहे, आणि मला हातानं करायचं कामच शिकायचंय. ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटल्यावर आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याने माझे सुरुवातीचे काही आठवडे उगाच जड गेले. तुमचे जाऊ देऊ नका.

जानेवारी २०२२ मध्ये कागदपत्रांना हात घातला. नॉर्थ कॅरोलायनात कॉलेजच्या अर्जाआधी आरडीएस नावाची पायरी असते. तुम्ही राज्याचे रहिवासी आहात की नाही, हे राज्य एका ऑनलाइन मुलाखतीतून ठरवतं आणि एक नंबर देतं. हा नंबर कंटाळवाणा वाटतो, पण पैशांचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे. रहिवाशांना एका क्रेडिटला ७६ डॉलर, बाहेरच्यांना २६८. रहिवासी असाल तर १६ क्रेडिटच्या पुढे कितीही विषय घेतले तरी एका सेमिस्टरची फी १,२१६ डॉलरवर थांबते. राज्यात निदान १२ महिने राहिल्याचा पुरावा लागतो: ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न, गाडीची नोंदणी, घराचं भाडेपत्र किंवा कर्जाचे कागद. सगळ्यांवर पत्ता आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे अर्ज उघडायच्या आधी बघून ठेवा. माझ्या लायसन्सवर माहेरचं आडनाव होतं, म्हणून लग्नाचा दाखला जवळ ठेवला होता आणि तो लागलाच. मतदार म्हणून नोंदणी केली आहे का, असा प्रश्न कुठेही आला, तर ग्रीन कार्डवाल्यांनी तिथे डोळे उघडे ठेवून ‘नाही’ म्हणायचं. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं पुढे फार महागात पडतं.

ज्या अजून एच-४ वर आहेत त्यांच्यासाठी: एच-४ वर शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलून एफ-१ घ्यावा लागत नाही. फी कुठल्या दराने लागेल ते मात्र आरडीएसच सांगेल. तो अर्ज फुकट आहे, भरून बघायला काहीच हरकत नाही.

भारतातल्या मार्कशीट इथे तशाच चालत नाहीत. त्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून ‘कोर्स-बाय-कोर्स’ तपासून घ्याव्या लागतात. त्याला मला २०० डॉलरच्या आसपास खर्च आला. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट थेट त्यांच्याकडे जावं लागतं. भाऊ तिकडे होता म्हणून माझं काम सोपं झालं. त्याने अर्ज, फी, शिक्का, बंद पाकीट सगळं बघितलं. तरी जानेवारीत सुरू केलेलं काम हाती यायला एप्रिल उजाडला. कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होत असेल तर या कामाला डिसेंबरातच लागा. या मूल्यमापनामुळे माझी केमिस्ट्री आणि काही सामान्य विषयांची क्रेडिट धरली गेली आणि प्लेसमेंट टेस्टही माफ झाली. इंग्रजी लेखन आणि भाषणकला हे दोन विषय मात्र घ्यावेच लागले.

फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, मी भरला. उत्तर आलं की पेल ग्रँट, म्हणजे फेडावी न लागणारी सरकारी मदत, मिळणार नाही. पदवी भारतातली का असेना, बॅचलर्स झालेलं असलं की ही ग्रँट मिळत नाही. हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी फार खट्टू झाले. पण कॉलेजच्या स्वतःच्या छोट्या शिष्यवृत्त्यांसाठी फाफ्सा भरलेला असावा लागतो, म्हणून तो भराच. शिवाय वर्षअखेरीला कॉलेजकडून फीचा १०९८-टी फॉर्म येतो. त्याच्यावर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट घेता येतं, म्हणजे भरलेल्या फीच्या २० टक्के करातून वजा. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न १ लाख ६० हजार डॉलरच्या वर गेलं की ते कमी कमी होत जातं.

माझा एकूण खर्च असा: बहुतेक सेमिस्टरला १२ क्रेडिट, म्हणजे ९१२ डॉलर आणि वर कॉलेजची किरकोळ फी. पुस्तकं शक्य तिथे भाड्याने घेतली. पोलादी टोकाचे बूट, सुरक्षा चष्मा आणि बऱ्यापैकी सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढ्या वस्तू मात्र नव्या आणि चांगल्या घ्या.

ऑगस्ट २०२२. पहिल्या सेमिस्टरला वर्गात एका बाजूला शाळेतून नुकतीच आलेली मुलं, दुसऱ्या बाजूला सैन्यातून बाहेर पडलेले दोघं, आणि एक पन्नाशीचे गृहस्थ, जे आधीच एका गावाच्या सांडपाणी केंद्रात काम करत होते आणि बढतीसाठी शिकत होते. पुढे माझे खरे गुरू तेच झाले. सोळा वर्षांनी गणिताच्या वर्गात बसल्यावर छातीत धडधडायचं. लॉगॅरिदम आठवत नव्हता. कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये कोणीही जाऊन फुकट शिकू शकतं. तिथे मी नेमाने जाऊन बसायचे आणि दोन महिन्यांत भीती गेली. भाषणकलेच्या विषयाचीही धास्ती होती, उच्चारांमुळे. पहिल्या भाषणाला मी पंचगंगेवर बोलले. यंत्रमाग, सायझिंग, कापडाला रंग देणारे कारखाने, ऊस, साखर कारखाने, आणि हे सगळं ज्या एका नदीला जाऊन मिळतं ती नदी. वर्गातल्या कोणी कोल्हापूरचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण पूर्व नॉर्थ कॅरोलायनातल्या वराहपालनाच्या मैल्याची तळी २०१८ च्या फ्लोरेन्स वादळात कशी फुटली, वाहिली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तासानंतर त्या भागातल्या एका मुलाने त्याच्या आजोळच्या विहिरीचं सांगितलं. परदेशात इतक्या वर्षांत माझ्या गावाबद्दल कोणाशी असं बरोबरीनं बोलणं झालं नव्हतं.

दुसरं सेमिस्टर, जानेवारी २०२३, पाण्याच्या प्रयोगशाळेचं. याच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्या शिक्षणाचा गाभा मला इथे सापडला.

बीओडी ही सांडपाण्याची सगळ्यात जुनी आणि महत्त्वाची चाचणी. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायचं. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, तिला घासलेल्या काचेचं बूच. नमुना आणि पातळ करायचं पाणी बाटलीत सावकाश, कडेने सोडायचं. हवेचा एक बुडबुडा जरी आत राहिला तरी ती बाटली बाद. बूच बसवल्यावर वरच्या कडेत थोडं पाणी भरून ठेवायचं, म्हणजे हवा आत शिरत नाही. मग २० अंश सेल्सियसला, अंधारात, ५ दिवस. आधीचा विरघळलेला ऑक्सिजन आणि पाचव्या दिवशीचा, यांतला फरक. त्यातही लिटरमागे निदान २ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च व्हायला हवा आणि निदान १ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवा, नाहीतर तो आकडा धरायचा नाही. म्हणून एकाच नमुन्याच्या कमी-जास्त पातळ केलेल्या चार-पाच बाटल्या लावाव्या लागतात. सोबत नुसत्या पाण्याची बाटली, आणि ग्लुकोज-ग्लुटामिक ॲसिडची बाटली. या शेवटच्या बाटलीचं उत्तर १९८ अधिक-उणे ३०.५ यात आलं, तरच त्या दिवसाच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा.

ही चाचणी सोमवारी लावली तर शनिवारी वाचावी लागते, मंगळवारी लावली तर रविवारी. त्यामुळे जिथे शनिवार-रविवारी माणूस नसतो, तिथे बुधवार ते शुक्रवार याच दिवशी बाटल्या लागतात. सांडपाणी केंद्राचा सगळा आठवडा या पाच दिवसांभोवती बांधलेला असतो. भारतात हीच चाचणी २७ अंशांना ३ दिवस करतात, आपल्या हवामानाला धरून. हे मी इन्स्ट्रक्टरना सांगितलं तेव्हा त्यांनी पुढचा अर्धा तास तापमान आणि जिवाणूंचा वेग याच विषयावर घेतला.

दुसरी गोष्ट ‘चेन ऑफ कस्टडी’ची. नमुना कोणी घेतला, कुठे, किती वाजता, बाटलीत कोणतं ॲसिड होतं, बर्फात ठेवला का, कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला, प्रत्येक ठिकाणी सही आणि वेळ. रॅली शहरातून वाहणाऱ्या क्रॅबट्री क्रीक या ओढ्यात कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून, प्रवाहाकडे तोंड करून, आपण ढवळलेला गाळ बाटलीत येणार नाही अशा बेताने नमुना घ्यायला शिकलो. फेब्रुवारीचं पाणी, हातमोज्यातही बोटं बधिर व्हायची. आणि वर आल्यावर त्याच बोटांनी तो कागद पूर्ण भरायचा. आमच्या इन्स्ट्रक्टर सांगायच्या, या कागदात एक रकाना रिकामा असेल तर कोर्टात तो नमुना म्हणजे नुसतं पाणी. माझ्या २०१२ च्या प्रश्नाचं उत्तर मला या कागदात मिळालं. पाणी चांगलं की वाईट हे ठरवणारा माणूस म्हणजे असा रकान्या-रकान्यात सही करणारा माणूस.

उन्हाळ्याच्या सेमिस्टरला सर्व्हेइंग आणि ४० तासांचं हॅझवूपर प्रशिक्षण. धोकादायक रसायनांच्या जागी काम करायचं तर ओशाच्या, म्हणजे कामगारांची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे हे लागतं. बाहेर त्याला काहीशे डॉलर पडतात. आमच्या अभ्यासक्रमातच होतं, तुमच्या कॉलेजात आहे का ते आधी विचारा. रसायनरोधक सूट, पाठीवर हवेचं सिलिंडर, चेहऱ्यावर मुखवटा अशा अवतारात जुलैच्या उन्हात पिंप हलवायचे होते. श्वासाचा आवाज स्वतःच्याच कानात घुमायला लागतो आणि जीव घाबरतो. सावकाश श्वास घ्या, घाई करू नका, आणि आदल्या रात्रीपासून पाणी प्या. हे सर्टिफिकेट जिवंत ठेवायला दर वर्षी ८ तासांची उजळणी लागते.

ऑगस्ट २०२३ मध्ये पर्यावरण कायदा आणि सांडपाणी प्रक्रिया. कायदा रुक्ष असेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. आमच्यापासून गाडीने तासाभरावर वॉरेन काउंटी आहे. १९७८ साली या राज्यात दोनशेहून जास्त मैल रस्त्यांच्या कडेला पीसीबी या विषारी रसायनाचं तेल चोरून ओतलं गेलं. ती माती पुरायला सरकारने जागा निवडली ती वॉरेन काउंटीत, गरीब कृष्णवर्णीय वस्तीजवळ. १९८२ मध्ये लोक ट्रकांसमोर रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. अमेरिकेतल्या पर्यावरण-न्यायाच्या चळवळीची सुरुवात इथून धरतात. सांडपाणी कुठे सोडायचं आणि कचरा कुठे पुरायचा, हे निर्णय कोणाच्या दारात जातात याकडे त्यानंतर माझं लक्ष आपोआप जायला लागलं.

सांडपाण्याच्या विषयात सगळ्यात उपयोगी पडलं ते पौंडांचं सूत्र: प्रवाह दशलक्ष गॅलनमध्ये, गुणिले मिलिग्रॅम प्रति लिटर, गुणिले ८.३४. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं असतं, तिथून हा आकडा येतो. दिवसाला २ दशलक्ष गॅलन पाणी आणि त्यात १५ मिलिग्रॅम बीओडी, म्हणजे नदीत रोज सुमारे २५० पौंड भार. परीक्षेत आणि नोकरीत हे सूत्र रोज लागतं. मेट्रिकमध्ये वाढलेल्या आपल्याला गॅलन-पौंडांची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून त्याच एककांत विचार करा. केंद्र बघायला गेलो तेव्हा त्या पन्नाशीच्या गृहस्थांनी वायुवीजनाच्या टाकीतलं तपकिरी पाणी नळकांड्यात घेऊन मला हुंगायला दिलं. पहिल्या पावसात माती भिजल्यासारखा वास होता. म्हणाले, हा वास असेल तर किडे खूश आहेत. कुजकट आला तर धावत प्रयोगशाळेत जा.

शेवटच्या सेमिस्टरला, एप्रिल २०२४ मध्ये, ईपीएने, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने, पिण्याच्या पाण्यातल्या पीफास रसायनांची (निसर्गात सहज न विघटणाऱ्या मानवनिर्मित रसायनांचा गट) पहिली देशव्यापी मर्यादा जाहीर केली. त्यांतल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांसाठी एक हजार अब्ज भागांत ४ भाग. या राज्यात हा विषय घराघरातला आहे, कारण केप फिअर नदीतल्या जेनएक्स या पीफास रसायनाची बातमी २०१७ मध्ये विल्मिंग्टनमध्ये फुटली आणि लाखो लोकांना कळलं की आपण वर्षानुवर्षं ते पीत होतो. इतक्या सूक्ष्म प्रमाणाचा नमुना घ्यायला जाताना जलरोधक जॅकेट नको, अंगाला लोशन नको, टेफ्लॉनचं काहीही जवळ नको, कपडे फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेले नकोत. मी त्या दिवसांत हाताला साधं मॉइश्चरायझरही लावत नव्हते.

घराचं सांगायचं तर संध्याकाळचे वर्ग आठवड्यातून दोन-तीन दिवस असायचे. त्या दिवशी स्वयंपाक नवऱ्याकडे आणि मुलाचा अभ्यासही त्याच्याकडे. हे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी ठरवून, कॅलेंडरवर लिहून टाका. परीक्षेच्या आठवड्यात ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

डिग्री मेमध्ये मिळाली आणि जूनपासून अर्ज सुरू केले. गावांच्या आणि काउंटीच्या नोकऱ्या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लागतात, तिथे रोज बघावं लागतं. एका ठिकाणी मुलाखतीनंतर सात आठवडे काहीच कळलं नाही, आणि मग दोन ओळींचा नकार. ते दिवस कठीण होते. ऑक्टोबरात एका छोट्या गावाच्या सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत लागले. त्याआधी वैद्यकीय तपासणी, ड्रग टेस्ट आणि ड्रायव्हिंगचा इतिहास हे सगळं बघितलं गेलं. पगार आयटीच्या जवळपासही नाही, पण आरोग्य विमा आहे आणि राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेत पगारातून ६ टक्के जातात. मुलाखतीत त्यांनी मला बीओडीच्या बाटल्या कशा लावशील एवढंच सविस्तर विचारलं.

आता ऑपरेटरच्या लायसन्सची तयारी करते आहे. जैविक सांडपाणी प्रक्रियेला राज्यात ग्रेड १ ते ग्रेड ४ अशा पायऱ्या आहेत. आधी मान्यताप्राप्त प्रशिक्षण, मग परीक्षा. परीक्षेला सूत्रांचा कागद देतात, त्यामुळे पाठांतरापेक्षा गणितं सोडवण्यावर भर द्या. ग्रेड १ ची परीक्षा डिग्री चालू असतानाच, सांडपाण्याचा विषय संपल्या संपल्या देता आली तर द्या, कारण नोकरीच्या बहुतेक जाहिरातींत ते लायसन्स ‘असल्यास प्राधान्य’ म्हणून लिहिलेलं असतं.